नागपुरातलं घरचं नेट आणि व्हीपीएन: स्पीड किती पडतो, कसा मोजायचा, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसचा लॅपटॉप घरी आला, पोरांचे क्लास घरी आले, फायबर मनीषनगर-बेसापासून महाल-इतवारीच्या गल्ल्यांपर्यंत पोचलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न सारखा येऊन राहिला की व्हीपीएन (आपलं नेट कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावला की नेट स्लो काहून होते. उत्तर एका आकड्यात देता येत नाही. पण घरच्या घरी नीट मोजता नक्की येतं आणि बरंचसं सुधारताही येतं, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

व्हीपीएन लावला की स्पीड पडतोच का?

हो, थोडा तरी पडतोच. तुमचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आधी एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतं, मग व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंत जातं, तिथे उलगडतं आणि मग खऱ्या वेबसाइटकडे जातं, परत येतानाही तोच प्रकार. म्हणजे तीन जागी खर्च होतो: पॅकेटवर चढलेलं जास्तीचं ओझं, एन्क्रिप्शनला लागणारं प्रोसेसरचं काम, आणि वाढलेलं अंतर. पहिला खर्च अगदी किरकोळ आहे, वायरगार्ड या व्हीपीएनच्या प्रोटोकॉलमध्ये (डेटा नेण्याच्या पद्धतीत) आयपीव्ही४ वर, म्हणजे जुन्या धाटणीच्या नेट-पत्त्यांवर, प्रत्येक पॅकेटमागे ६० बाइट जास्तीचे लागतात, दीड हजाराच्या पॅकेटमध्ये हे चारेक टक्के झाले. दुसरा खर्च तुमच्या मशीनवर अवलंबून. तिसरा सगळ्यात मोठा, आणि लोक नेमकं त्याच्याकडेच बघत नाहीत.

मग किती पडला तर नॉर्मल समजायचं?

सर्व्हर मुंबई, चेन्नई किंवा हैदराबादला असेल, प्रोटोकॉल वायरगार्ड असेल आणि लॅपटॉप गेल्या काही वर्षांतला असेल तर १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर ८५ ते ९५ मिळायला काही हरकत नाही. त्याच्या खूप खाली जात असेल तर कुठेतरी काहीतरी अडतंय, शोधायला पाहिजे. सिंगापूर-लंडनच्या सर्व्हरवर मात्र असा ठरावीक आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथे रात्रीचा आणि सकाळचा फरकच खूप असतो.

प्लॅन १०० चा आहे पण डाउनलोड करताना १२ च दाखवून राहिलं, हे व्हीपीएनमुळे का?

नाही हो. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात आणि डाउनलोड बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये दिसतं. ८ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. १२ दिसतंय म्हणजे पूर्ण मिळतंय. आणि २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊनही ९४ च्या वर काही केल्या जात नसेल तर राउटरचा लॅन पोर्ट, लॅपटॉपचा पोर्ट किंवा मधली केबल १०० मेगाबिटवाली आहे. व्हीपीएनला दोष द्यायच्या आधी ते बघा.

अॅपमध्ये "इंडिया" निवडलं तरी स्लो आहे, देशातल्या देशात एवढा वेळ कसा लागतो?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी (नेटवरचे पत्ते) वगैरे माहिती ५ वर्षं जपून ठेवावी असं होतं, आणि मुदतवाढ मिळून ते २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालं. त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन अशा मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यानंतर यातल्या काहींच्या अॅपमध्ये "इंडिया" दिसतं ते व्हर्च्युअल असतं, म्हणजे आयपी पत्ता भारताचा पण मशीन सिंगापूर किंवा अशाच कुठल्या बाहेरच्या गावी.

आता नागपुरातून मुंबईच्या डेटा सेंटरमधली एखादी बँकेची साइट उघडा. व्हीपीएन नसेल तर नागपूर-मुंबई, समृद्धी महामार्गाने मोजलं तरी ७०१ किलोमीटर. व्हर्च्युअल इंडिया लावला की तेच पॅकेट नागपूरहून सिंगापूरला, सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटर, आणि तिथून परत मुंबईला, आणखी जवळपास ३९००. सीताबर्डीवरून धरमपेठेत जायचं आणि रस्ता कामठीवरून काढायचा, असा हा कारभार आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरच्या अंतराला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. या हिशोबाने सिंगापूरमार्गे मुंबईला कमीत कमी ७४ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, मधे राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या वरच जातं. कुठलीही कंपनी कितीही जाहिरात करो, हे अंतर कमी करू शकत नाही.

म्हणून ज्याला परदेशी आयपी नकोय, फक्त प्रायव्हसी पाहिजे, त्याने आधी बघावं की कंपनीकडे भारतात खरं मशीन आहे का. नसेल तर नाव इंडिया असो की सिंगापूर, अंतर तेच पडणार.

मशीन खरंच कुठे आहे हे घरबसल्या कळतं का?

कळतं, आणि फुकटात कळतं. व्हीपीएन बंद ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्याला पिंग मारा, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. नागपूर ते सिंगापूर जाऊन-येऊन ३५ मिलिसेकंदाच्या खाली येणं शक्यच नाही, भौतिकशास्त्र परवानगी देत नाही. तर पिंग २० किंवा २५ आला म्हणजे मशीन सिंगापुरात नाही, बहुतेक भारतातच आहे, मुंबई-हैदराबाद-चेन्नईकडे कुठेतरी. ६०-७० आला तर सिंगापूरची शंका घ्या. १३० च्या पुढे गेला तर युरोप असू शकतं, लंडन इथून साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास आहे. अमेरिकेचा पूर्व किनारा २०० च्या वर जातो.

उलटं मात्र धरू नका. पिंग जास्त आला म्हणून मशीन लांबच आहे असं नाही, तुमच्या कंपनीचा रस्ताच वाकडा असू शकतो. कमी पिंग हा मशीन जवळ असल्याचा पक्का पुरावा, जास्त पिंग ही फक्त शंका. सर्व्हर पिंगला उत्तरच देत नसेल तर व्हीपीएन चालू करून १.१.१.१ ला पिंग मारा. त्या पत्त्याची मशीन जगभर बऱ्याच शहरांत आहेत, त्यामुळे व्हीपीएन जिथे बाहेर पडतो त्याच्या जवळचंच कुठलंतरी उत्तर देतं, आणि जो आकडा दिसतो तो बहुतेक तुमच्या घरापासून व्हीपीएन सर्व्हरपर्यंतचाच असतो.

व्हीपीएनसह आणि व्हीपीएनशिवाय, तुलना नीट कशी करायची?

बहुतेक लोक काय करतात, वाय-फायवर, बेडरूममधून, एकदा स्पीडटेस्ट मारतात, मग व्हीपीएन लावून एकदा मारतात आणि दोन आकडे घेऊन भांडायला तयार होतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण दोन टेस्टच्या मधल्या दोन मिनिटांत वाय-फायच बदललेलं असतं, शेजारच्याचं टीव्हीवर काहीतरी सुरू झालेलं असतं.

लॅन केबल लावा. केबल नसेल तर राउटरच्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर करा, २.४ वर अजिबात नको, अपार्टमेंटमध्ये त्याच्यावर सगळ्या फ्लॅटची गर्दी असते. फोनवरची अपडेट, क्लाउडचं सिंक, टीव्ही, सगळं बंद. आणि मग एकदा बंद, एकदा चालू, परत बंद, परत चालू, असं आलटून-पालटून निदान पाच-पाच वेळा करा. आधी सगळे बंदचे आणि मग सगळे चालूचे असं नको, कारण तेवढ्यात लाइनवरची गर्दी बदलते आणि तो फरक तुम्ही व्हीपीएनच्या नावावर लिहून मोकळे होता. पाच आकड्यांची सरासरी काढू नका, चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, एखादा विचित्र आकडा आला तरी मधला फारसा हलत नाही.

एकदा सकाळी सहा-सातला करा आणि एकदा रात्री नऊ ते अकराच्या मधे. डाउनलोड, अपलोड, पिंग, आणि जमलं तर डाउनलोड चालू असतानाचा पिंग, चारही लिहून ठेवा. हा शेवटचा लोक सोडून देतात पण व्हिडिओ कॉल अडकतो तो त्याच्यामुळेच.

स्पीडटेस्टमध्ये सर्व्हर कोणता निवडायचा?

स्वतः निवडायचा, अॅपवर सोडायचा नाही. उकलाची स्पीडटेस्ट तुमच्या आयपीवरून जवळचा सर्व्हर शोधते. व्हीपीएन बंद असताना नागपूर किंवा मुंबईचा निवडला जातो आणि व्हीपीएन चालू केला की एकदम सिंगापूरचा किंवा फ्रँकफर्टचा, म्हणजे दोन टेस्ट दोन वेगवेगळ्या रस्त्यांच्या झाल्या.

दोन प्रश्न वेगळे ठेवा. मला रोजच्या भारतीय साइटवर काय फरक पडतो हे पाहिजे असेल तर दोन्ही वेळा मुंबईचा एकच सर्व्हर ठेवा. व्हीपीएनच्या मशीनपर्यंत माझी लाइन किती ओढते हे पाहिजे असेल तर त्या मशीनच्या गावचा सर्व्हर, दोन्ही वेळा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवर मोजतं, त्यामुळे तिथला आकडा आणि उकलाचा आकडा जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही, पण एक टेस्ट इथे आणि एक तिथे असं करू नका.

स्पीडटेस्ट ८० एमबीपीएस दाखवते पण एक फाइल डाउनलोड करायला गेलो की ८ एमबीपीएसच्या वर जात नाही. असं कसं?

स्पीडटेस्ट एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडते, तुमची फाइल बहुतेक एकाच कनेक्शनवर येते. एका कनेक्शनमध्ये पोच यायच्या आधी किती डेटा पाठवून ठेवता येतो याला मर्यादा असते, त्याला विंडो म्हणतात. विंडो ६४ किलोबाइटची आणि पिंग २०० मिलिसेकंदाचा असेल तर गुणाकार-भागाकार करून बघा, अडीच एमबीपीएसच्या थोडंच वर निघतं, मग तुमचा प्लॅन ४० चा असो की हजाराचा. आजकालच्या सिस्टिम विंडो मोठी करत जातात म्हणून इतकी वाईट परिस्थिती राहिलेली नाही, पण लांबच्या रस्त्यावर थोडी पॅकेट गळाली की ती लगेच आकसते आणि परत वाढायला वेळ घेते. पिंग २० असताना हे जाणवतही नाही, २०० वर स्पष्ट जाणवतं. स्पीड पडतो असं आपण म्हणतो ते खरं म्हणजे पिंग वाढतो आणि त्याच्या मागे मागे स्पीड जातो. म्हणून मी कुणीही विचारलं तरी आधी पिंग सांगा म्हणतो.

वायरगार्ड, ओपनव्हीपीएन, आयकेईव्ही२, काय लावू?

वायरगार्ड. कोड छोटा आहे, मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यात) आला, आणि त्याचं चाचा२० एन्क्रिप्शन साध्या प्रोसेसरवरही चपळ चालतं. ओपनव्हीपीएन २००१ पासूनचा आहे, विश्वासाचा आहे, पण पारंपरिक पद्धतीत एकाच कोअरवर आणि कर्नलच्या बाहेर चालतो त्यामुळे मोठ्या स्पीडला दमतो. ओपनव्हीपीएनच वापरावा लागत असेल तर यूडीपीवर वापरा, त्यात हरवलेलं पॅकेट आपोआप परत पाठवायची सोय नसते, टीसीपीत असते. टीसीपीवर ठेवला की टीसीपीच्या आत टीसीपी होतं, एक पॅकेट हरवलं तर आतलं आणि बाहेरचं दोघंही परत पाठवायला लागतात आणि लाइन अगदी बसते. यूडीपी अडवलेलं असेल तिथेच टीसीपी.

भाऊ, राउटरवरच व्हीपीएन टाकला तर सगळ्या घराला एकदमच मिळेल ना?

मिळेल, पण राउटर कोणता आहे ते बघा. कनेक्शनसोबत मिळालेल्या बहुतेक राउटरमध्ये ही सोय नसतेच, आणि स्वस्त राउटरचा प्रोसेसर ओपनव्हीपीएनला पुरत नाही, शंभरची लाइन वीस-पंचवीसवर येऊन थांबते. तोच व्हीपीएन लॅपटॉपवर लावून ९० येत असेल तर दोष राउटरचा, कंपनीचा नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१० पासून एईएस या एन्क्रिप्शनसाठी वेगळी सोय यायला लागली, तशी स्वस्त राउटरमध्ये बरेचदा नसते. घरभर लावायचाच असेल तर वायरगार्ड चालणारा चांगला राउटर घ्या किंवा जुना पीसी कामाला लावा. राउटर आणि फायबरचा डबा बंद कपाटात किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तापलेली मशीन आधी अडखळते मग रीस्टार्ट होते.

रात्री व्हीपीएन एकदम मरतो, सकाळी मस्त चालतो. काहून?

आधी व्हीपीएनशिवाय रात्रीचा आकडा घ्या. तोही पडला असेल तर गर्दी तुमच्या एरियातच आहे, एअरफायबरसारखं टॉवरवरून येणारं कनेक्शन असेल तर जास्तच, कारण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. व्हीपीएनशिवाय रात्रीही पूर्ण येतो आणि फक्त व्हीपीएनवर पडतो, तर गर्दी पुढे आहे, व्हीपीएनच्या सर्व्हरवर किंवा देशाबाहेर जाणाऱ्या लाइनवर. त्याच कंपनीचा दुसरा सर्व्हर लावून बघा.

कधीकधी कारण फारच लांब असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा इथून युरोपकडे जाणारं सगळंच हळू झालं होतं, त्या दिवसांत लंडनचा सर्व्हर लावून नागपूरच्या केबलवाल्याला फोन करण्यात काही हशील नव्हतं. उलट सिमेंट रोडच्या खोदकामात गल्लीतली फायबर तुटली तर व्हीपीएन असो-नसो, दोन्ही सारखेच बंद, त्यात तुलना करायला काही उरत नाही.

व्हीपीएन लावल्यावर स्पीड वाढू शकतो का?

नेहमी नाही पण वाढू शकतो, आणि ज्याला तसं दिसतं तो खोटं बोलत नसतो. तुमच्या कंपनीचा एखाद्या साइटकडे जाणारा रस्ता लांबचा किंवा गच्च भरलेला असेल आणि व्हीपीएनवाल्याचा रस्ता चांगला असेल तर त्या एका साइटपुरता फायदा होतो. दुसरं कारण म्हणजे कुणी ठरावीक प्रकारचा ट्रॅफिक मुद्दाम दाबत असेल तर व्हीपीएनमध्ये तो ओळखू येत नाही. भारतात नेट न्यूट्रॅलिटीची (सगळ्या ट्रॅफिकला सारखी वागणूक) दूरसंचार नियामक ट्रायची शिफारस नोव्हेंबर २०१७ ची आणि दूरसंचार विभागाने ती मान्य केली जुलै २०१८ मध्ये, म्हणजे असा भेदभाव चालत नाही. म्हणून एका साइटवर स्पीड वाढला की लगेच "दाबून राहिले होते" असा निष्कर्ष काढू नका, आधी ट्रेसरूट मारून (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) रस्ता बघा, बहुतेक वेळा रस्ताच निघतो.

प्लॅनपेक्षा जास्त स्पीड मात्र कुठलाच व्हीपीएन देऊ शकत नाही.

यूट्यूब-नेटफ्लिक्स व्हीपीएनशिवाय चटकन लागतं, व्हीपीएनवर गोल फिरत राहतं.

कारण गुगल आणि नेटफ्लिक्स आपली कॅशे मशीन (व्हिडिओची प्रत साठवणारी) इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवायला देतात. लोकप्रिय व्हिडिओ तुमच्या कंपनीच्या आतूनच येतो, बाहेर जावंच लागत नाही. व्हीपीएन लावला की ही जवळची सोय हातची जाते. नेटफ्लिक्सच्या म्हणण्याप्रमाणे ४के ला १५ एमबीपीएस पुरतात, फुल एचडीला ५, त्यामुळे २०० चे १२० झाले म्हणून पिक्चर अडकत नाही. सुरू व्हायला लागणारा वेळ आणि मधला अडथळा जाणवतो. यावर सोपा उपाय स्प्लिट टनेलिंगचा, सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओची अॅप व्हीपीएनच्या बाहेर ठेवा.

मिहानमधल्या कंपनीत आहे, घरून काम करते, ऑफिसच्या व्हीपीएनवर सगळंच हळू होते. मी काय करू शकते?

ताई, आधी आयटीवाल्यांना विचारा की फुल टनेल आहे का स्प्लिट. फुल टनेल असेल तर तुमचा व्हिडिओ कॉलसुद्धा आधी ऑफिसच्या गेटवेवर जातो, तो गेटवे पुण्याला, बंगळुरूला किंवा थेट अमेरिकेत असू शकतो, आणि तिथून मग बाहेर. एकापेक्षा जास्त गेटवे असतील तर भारतातला निवडा. स्प्लिट करायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, स्वतःहून ऑफिसच्या मशीनवर सेटिंग बदलू नका. आणि ऑफिसच्या व्हीपीएनवर घरचा दुसरा व्हीपीएन चढवू नका. घरचे आकडे सोबत ठेवून तक्रार टाका, व्हीपीएनशिवाय इतका, व्हीपीएनवर इतका, वेळ ही, म्हणजे "तुमचं नेट चेक करा" या उत्तरावर गाडी थांबत नाही.

काही साइट उघडतात, काही अर्ध्या येऊन अडकतात. स्पीडटेस्ट मात्र चांगली!

हे बहुधा एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, दुखणं आहे. ब्रॉडबँडला युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं पीपीपीओई असेल तर पॅकेट १४९२ बाइटपेक्षा मोठं जात नाही. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०, त्यात आयपीव्ही६ वरचं ८० बाइटचं ओझं मिळवलं की १५०० झाले, म्हणजे ८ बाइट जास्त. मोठी पॅकेट मधेच पडतात, छोटी जातात, म्हणून लॉगिन पान येतं आणि पुढे काही हलत नाही. एमटीयू १४१२ करा, तरी अडलं तर थेट १२८० करून बघा, स्पीडमध्ये नगण्य फरक पडतो पण साइट उघडायला लागतात. हे कस्टमर केअरवर सहसा कुणी सांगत नाही आणि लोक विनाकारण प्लॅन बदलत बसतात.

बीजीएमआयचा पिंग कमी करायला व्हीपीएन घेऊ का?

नको. गेमचा सर्व्हर आणि तुमच्यामधे एक थांबा वाढवून पिंग कमी होणं हे रस्ता फारच वाकडा असेल तरच होतं. आधी लॅन लावा किंवा ५ गिगाहर्ट्झ.

फुकट व्हीपीएन चालतो का?

एका सर्व्हरवर भरमसाट माणसं, त्यामुळे स्पीडची हमी नाही. प्रोटॉनच्या फुकट प्लॅनला डेटाची मर्यादा नाही, पण देश निवडायची मोकळीक पैसेवाल्यांसारखी नाही. ज्याचं नावही ऐकलं नाही असा कुठलाही फुकट अॅप टाकू नका, तुमचा सगळा ट्रॅफिक त्याच्या हातात देताय. ब्राउझरचं एक्स्टेन्शन असेल तर ते फक्त त्या ब्राउझरपुरतं असतं, मग स्पीडटेस्टचं वेगळं अॅप उघडून "काहीच फरक नाही" म्हणण्यात अर्थ नाही, ते अॅप व्हीपीएनच्या बाहेरच आहे.

व्हीपीएन वापरणं कायदेशीर आहे ना?

वापरण्यावर देशभर सरसकट बंदी नाही, काही जिल्ह्यांत प्रशासनाने ठरावीक काळापुरती घातली आहे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला सर्ट-इनचा तो माहिती साठवायचा नियम लागू नाही. जानेवारी २०२५ मध्ये मात्र काही व्हीपीएन अॅप अॅपल आणि गुगलच्या भारतातल्या स्टोअरमधून काढल्या गेले, त्यामुळे वर्षभराचे पैसे एकदम भरायच्या आधी अॅप इथे मिळतंय ना ते बघून घ्या.

केबलवाला म्हणतो व्हीपीएन बंद करूनच तक्रार करा. बरोबर आहे का?

हो, त्याचं बरोबर आहे. त्याची जबाबदारी त्याच्या लाइनपुरती, व्हीपीएनचा सर्व्हर त्याच्या हातात नाही. व्हीपीएन बंद, लॅन केबल लावलेली, मुंबईचा सर्व्हर निवडलेला, सकाळ आणि रात्र, असे तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट पाठवा. ते आकडे प्लॅनच्या जवळ असतील तर त्याला त्रास देऊ नका, व्हीपीएनवाल्याला लिहा. व्हीपीएन बंद असतानाही रात्री अर्धाच मिळत असेल तर ठामपणे मागे लागा, तक्रारीचा नंबर घ्या, नुसतं फोनवर "बघतो" म्हणाला म्हणून सोडू नका.